गुण अर्काचा की डीएमएसओचा? तांबड्या पेशींवरच्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करणारी विद्यार्थिनी एका झाडाच्या सालीवर काम करत होती. मुका मार लागला, सांधा सुजला की ही साल उगाळून लावायची पद्धत त्या भागात आहे. त्या वापरात कितपत तथ्य आहे, हे प्रयोगशाळेत तपासणं हा तिचा विषय. झाडाचं नाव इथे देत नाही, कारण त्यावरून प्रबंध लगेच ओळखता येईल. ओळख पटवतील असे इतर तपशीलही बदलले आहेत. मी जवळच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आमच्या विभागात ऑस्मोमीटर, म्हणजे द्रावणात विरघळलेले कण मोजणारं यंत्र, आहे, त्यामुळे हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

तिने वापरलेली चाचणी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते: एचआरबीसी मेंब्रेन स्टॅबिलायझेशन, म्हणजे माणसाच्या तांबड्या पेशीचं पटल एखादा पदार्थ सावरतो का, ते पाहणं. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, ते साकळू न देणाऱ्या ऑल्सेव्हर द्रावणात मिसळायचं, तांबड्या पेशी सलाईनने धुऊन त्यांचं १० टक्क्यांचं सस्पेन्शन करायचं. मग त्या पेशी पातळ सलाईनमध्ये, बहुधा ०.३६ टक्क्यांच्या, सोडायच्या. बाहेर मीठ कमी म्हणून पाणी आत शिरतं, पेशी फुगतात, फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर येतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरच्या द्रावणाची लाली ५४० किंवा ५६० नॅनोमीटरला मोजायची. औषध नसलेल्या, म्हणजे कंट्रोलच्या, नळीपेक्षा औषध घातलेल्या नळीत लाली कमी आली, तर त्या औषधाने पेशीचं पटल सावरलं असं म्हणायचं. यामागचा तर्क असा, की सूज आलेल्या जागी लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पाचक एन्झाइमच्या पिशव्या, फुटून त्यांतली एन्झाइम ऊतीची नासधूस करतात. तांबड्या पेशीचं पटल लायसोसोमच्या पटलाशी मिळतंजुळतं धरलं, तर एकाला सावरणारा पदार्थ दुसऱ्यालाही सावरेल. चाचणी स्वस्त आहे, प्राणी मारावे लागत नाहीत, आठवड्याभरात आकडे हाती येतात. छोट्या कॉलेजांत ती इतकी रुळली ती यामुळेच.

तिचा अर्क इथिल अॅसिटेटमध्ये काढलेला होता. वाळवल्यावर तो तपकिरी, चिकट, राळेसारखा होई. पाण्यात विरघळायचा नाही, सलाईनमध्ये टाकला तर गोळे होऊन तळाला बसायचा. म्हणून तिने अशा वेळी सगळे करतात तेच केलं आणि तो डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये, म्हणजे डीएमएसओमध्ये, विरघळवला. स्टॉक, म्हणजे मूळ तीव्र द्रावण, केला मिलीलिटरला २० मिलिग्रॅमचा. नळीत एकूण ४ मिलीलिटर द्रावण आणि अर्काच्या चार मात्रा: मिलीलिटरला १००, २००, ४०० आणि ८०० मायक्रोग्रॅम. तुलनेसाठी डायक्लोफेनॅक सोडियम हे सूज उतरवणारं नेहमीचं औषध, तेही त्याच मात्रांत.

निकाल देखणा आला. सेंट्रिफ्यूजमधून काढून नळ्या रॅकमध्ये ओळीने लावल्या की पहिल्या नळीपासून चौथ्या नळीपर्यंत लाली उतरत गेलेली नुसत्या डोळ्यांना दिसायची. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढत होता, आणि वरच्या मात्रेला अर्क डायक्लोफेनॅकच्याही पुढे होता. आलेख काढला, शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला.

अडचण

संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी विचारलं, “कंट्रोलच्या नळीत डीएमएसओ किती होतं?”

“सर, कंट्रोलमध्ये फक्त हायपोटॉनिक, म्हणजे पातळ, सलाईन होतं.”

“आणि डायक्लोफेनॅकच्या नळीत?”

“ते पाण्यात विरघळतं, सर. त्यात डीएमएसओ नव्हतं.”

सदस्य एवढ्यावरच थांबले. गाइड मॅडमनी तिथेच कागद पुढे ओढून हिशेब मांडला. १०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेसाठी ४ मिलीलिटरच्या नळीत स्टॉकचे २० मायक्रोलिटर जात होते, म्हणजे ०.५ टक्के डीएमएसओ. २०० ला ४० मायक्रोलिटर, ४०० ला ८०, ८०० ला १६०. डीएमएसओ ०.५, १, २ आणि ४ टक्के. अर्काची मात्रा प्रत्येक पायरीला दुप्पट होत होती, आणि द्रावकही नेमकं तितकंच दुप्पट होत होतं. एकाच स्टॉकमधून जास्त जास्त ओतून मात्रा वाढवली की असं होणारच. आलेखाच्या आडव्या अक्षावर “अर्क” लिहिलं होतं. “डीएमएसओ” लिहिलं असतं तरी रेषेचा एकही बिंदू हलला नसता.

म्हणजे तिच्या आकड्यांवरून दोन गोष्टी सांगता येत नव्हत्या. परिणाम अर्काचा की द्रावकाचा, हे कळायला मार्ग नव्हता. अर्क डायक्लोफेनॅकपेक्षा सरस की नाही, हेही कळत नव्हतं, कारण एका ओळीत द्रावक होतं आणि दुसऱ्या ओळीत नव्हतं. आकडेशास्त्राची चाचणी लावून यातून सुटका नव्हती. माहितीच तशा पद्धतीने गोळा झालेली नव्हती.

मॅडमचा पहिला फोन मला त्याच संध्याकाळी आला. त्यांचा प्रश्न सरळ होता: “चार टक्के डीएमएसओने तांबड्या पेशीला खरंच काही फरक पडतो का? आम्ही तर त्याला निष्क्रिय समजूनच वापरतो.”

नळीत काय घडत होतं

या प्रश्नाचं उत्तर रसायनापेक्षा पेशीच्या आकारात जास्त आहे.

तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी दबलेली चकती. तिचं आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर, आणि भोवतीच्या पटलाचं क्षेत्रफळ सुमारे १३५ ते १४० चौरस मायक्रोमीटर. तेवढ्याच आकारमानाचा गोल झाकायला ९७ च्या आसपास पुरले असते. हे जास्तीचं पटल म्हणजे तिची शिल्लक. तिच्या जोरावर ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून आणि प्लीहेतल्या फटींतून वाकून, लांबट होऊन निघते. पाणी शिरलं की हीच शिल्लक खर्च होते: चकती फुगत फुगत गोल होते आणि मूळ आकारमानाच्या साधारण पावणेदोन पटीला शिल्लक संपते. पटल वाकतं सहज, पण ताणलं फारसं जात नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांनी वाढलं की ते फाटतं. निरोगी रक्तात फुटणं साधारण ०.४५ ते ०.५ टक्के सलाईनला सुरू होतं आणि ०.३० ते ०.३५ ला जवळपास पूर्ण होतं.

आता यात डीएमएसओ आणू. त्याचा रेणू लहान, रेणुभार ७८, घनता १.१. एक टक्का डीएमएसओ म्हणजे लिटरमध्ये सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे जवळपास १४० मिलिमोल. चार टक्क्यांना ही संख्या ५६० च्या घरात जाते. उलट ०.३६ टक्के सलाईनमध्ये सगळे आयन मिळून परासारी, म्हणजे पाणी आपल्याकडे ओढणाऱ्या, कणांची संख्या ११५ च्या आसपास भरते. म्हणजे तिच्या चौथ्या नळीत मिठाच्या जवळपास पाचपट कण द्रावकाचे होते. ज्या चाचणीचा सगळा खेळ परासरणावर, म्हणजे कणांच्या फरकाने पटलातून होणाऱ्या पाण्याच्या ये-जावर, चालतो, तिच्यातच हे घडत होतं.

पण डीएमएसओ मिठासारखं बाहेर थांबत नाही. पटलातून ते आत जातं, पाण्यापेक्षा बरंच हळू, पण मिनिटभराच्या हिशेबात. त्यामुळे त्याचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो. पेशी अशा द्रावणात पडली की पहिल्या क्षणी बाहेरचे कण प्रचंड जास्त म्हणून पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसते. मग डीएमएसओ आत शिरू लागतं, त्याच्याबरोबर पाणीही येतं आणि पेशी फुगत जाते. आत-बाहेर समान झाल्यावर डीएमएसओ असून नसल्यासारखं होतं. पेशी कुठे थांबायची ते शेवटी मीठच ठरवतं. फरक पडतो तो वेगात. साध्या पातळ सलाईनमध्ये पेशी सेकंदात फुगते, डीएमएसओ असताना सावकाश. सावकाश फुगणाऱ्या, ताणलेल्या पेशीतून फुटण्याआधी थोडं पोटॅशियम गळून जायला अवधी मिळतो, आतले कण घटतात आणि काटावरच्या काही पेशी वाचतात. पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी पटल मजबूत केलं.

यात आणखी एक पदर आहे. भूल देणारी आणि शामक औषधं कमी मात्रेत तांबड्या पेशींना पातळ सलाईनपासून वाचवतात आणि जास्त मात्रेत स्वतःच फोडतात, हे फिलिप सीमन यांनी १९७२ च्या आपल्या मोठ्या आढाव्यात सविस्तर मांडलं. पटलात शिरणारा पदार्थ त्याचं क्षेत्रफळ किंचित वाढवतो, म्हणजे शिल्लक वाढते. त्यामुळे पेशी फुटण्यापासून वाचली एवढ्यावरून सूज उतरवण्याचा गुण सिद्ध होत नाही. या चाचणीवर माझा मुळातला आक्षेप हाच आहे, आणि मॅडमना मी तो त्याच दिवशी सांगितला.

डीएमएसओ निष्क्रिय असल्याचा समज कुठून आला, हे मला नीट सांगता येत नाही, कारण त्याचा इतिहास उलटंच सांगतो. अलेक्झांडर झायत्सेव्ह यांनी १८६६ मध्ये ते प्रथम तयार केलं. जीवशास्त्रात त्याचं नाव झालं १९५९ मध्ये, जेव्हा जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांनी ते पेशींना गोठणातून वाचवतं हे दाखवलं. त्या कामात माणसाच्या तांबड्या पेशीही होत्या. आजही रक्ताच्या मूळ पेशी बहुधा १० टक्के डीएमएसओमध्ये गोठवून ठेवतात, आणि रुग्णाला त्या देताना डीएमएसओ दिवसाला किलोमागे १ ग्रॅमच्या वर जाऊ नये याकडे लक्ष ठेवतात. त्या पिशवीत फुटलेल्या तांबड्या पेशी असल्या तर रुग्णाची लघवी लालसर होते. हे सगळं रक्तपेढीच्या लोकांना ठाऊक असतं. शेजारच्या इमारतीतल्या फार्मसीच्या टेबलावर ते पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मॅडम आणि विद्यार्थिनी आमच्याकडे आल्या तेव्हा बोलण्यापेक्षा दाखवणं बरं म्हणून एक साधा प्रयोग केला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये २ टक्के डीएमएसओ मिसळलं आणि ऑस्मोमीटरला लावलं. आकडा रक्तरसाच्या जवळपासचा, २८० च्या आसपास. मग त्यात पेशींच्या सस्पेन्शनचे थेंब सोडले. आधी नळी गढूळ लाल होती, मागे धरलेला छापील कागद दिसत नव्हता. बघता बघता ती माणकासारखी पारदर्शक झाली आणि कागदावरची अक्षरं वाचता येऊ लागली. सगळ्या पेशी फुटल्या होत्या. शेजारच्या नळीत ०.९ टक्के सलाईन होतं, त्याचाही आकडा तेवढाच, आणि ती तशीच गढूळ राहिली. ऑस्मोमीटर कण मोजतं. ते कण पेशीच्या आत जातात की बाहेर थांबतात, हे त्याला कळत नाही. विद्यार्थिनी दोन्ही नळ्या आलटूनपालटून कागदासमोर धरून बराच वेळ पाहत होती.

समोर असलेले पर्याय

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पर्याय लिहून काढले. मी त्या चर्चेत होते.

आकडे तसेच ठेवून पद्धतीच्या भागात “अर्क डीएमएसओमध्ये विरघळवला” एवढं वाक्य घालणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. प्रसिद्ध झालेल्या कितीतरी निबंधांत एवढंच लिहिलेलं असतं. मॅडमनी तो पहिल्याच मिनिटात बाजूला सारला. “प्रश्न विचारला गेलाय. उत्तर माहीत असताना ते लपवायचं नाही.”

दुसरा पर्याय होता द्रावकाच्या नळ्या वेगळ्या लावून, त्यांचा आकडा अर्काच्या आकड्यातून वजा करण्याचा. यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण यात जुनं काम वाचत होतं. पण वजाबाकी तेव्हाच चालते, जेव्हा दोन परिणाम एकमेकांना न छेडता नुसते बेरजेत येतात. डीएमएसओने पेशी आधीच सावकाश फुगत असेल, तर त्या स्थितीत अर्काचा परिणाम वेगळाच दिसेल. शिवाय फुटण्याचा आलेख सरळ रेषेत नसतो, तो मधे उभा चढतो आणि दोन्ही टोकांना सपाट होतो. सपाट भागातल्या आकड्यातून उभ्या भागातला आकडा वजा करून काही हाती लागत नाही.

द्रावकच बदलायचं, हाही विचार झाला. ट्वीन ८० सुचवलं गेलं, पण ते साबणासारखं पृष्ठक्रियाशील, पटलाशी थेट लगट करणारं. इथेनॉलही पटलात शिरतं आणि आत-बाहेर जातं. एक अडचण सोडून दुसरी घ्यायची, तर निदान जिचं गणित आपल्याला माहीत आहे तीच ठेवावी, असं ठरलं.

कोणीतरी बकऱ्याच्या रक्ताचं नाव काढलं, कारण ते खाटिकखान्यातून भरपूर मिळतं आणि पुन्हा पुन्हा माणसांचं रक्त काढावं लागत नाही. पण बकऱ्याची तांबडी पेशी पाळीव जनावरांत सगळ्यात लहान, पातळ सलाईनमध्ये लवकर फुटणारी, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पटलात फॉस्फॅटिडिलकोलीन हा माणसाच्या पटलातला मेद जवळपास नसतोच. तिच्यावरून माणसाच्या पेशीबद्दल बोलणं धाडसाचं झालं असतं.

राहिला तो प्रयोग नव्याने करण्याचा मार्ग: प्रत्येक नळीत डीएमएसओ सारखंच ठेवायचं, कंट्रोलमध्येही आणि डायक्लोफेनॅकमध्येही. याची किंमत होती. नीतिशास्त्र समितीकडून जादा रक्तनमुन्यांची परवानगी घ्यावी लागणार होती, सबमिशन पुढे जाणार होतं आणि फेलोशिपची मुदत संपत आली होती. विद्यार्थिनीने एकच विचारलं, “मॅडम, यातून काहीच उरलं नाही तर?” मॅडम म्हणाल्या, “तर तसं लिहू. तुझा प्रबंध या एका तक्त्यावर उभा नाही.” पुढचं सगळं शक्य झालं ते या वाक्यामुळे, असं मला वाटतं. विद्यार्थ्याला हे आधी ऐकायला मिळालं नाही, तर तो आकड्यांकडे मोकळ्या नजरेने पाहू शकत नाही.

काय केलं

डीएमएसओ प्रत्येक नळीत ०.५ टक्के ठरलं. त्यासाठी प्रत्येक मात्रेचा वेगळा स्टॉक करावा लागला, म्हणजे कुठल्याही नळीत २० मायक्रोलिटरच जातील. इथे लगेच एक भिंत आली. ८०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेसाठी मिलीलिटरला १६० मिलिग्रॅमचा स्टॉक हवा होता. तो डीएमएसओमध्ये कसाबसा विरघळला, पण सलाईनमध्ये पडताच दुधाळ झाला. गढूळपणाही यंत्राला रंगासारखाच दिसतो. म्हणून सगळ्यात वरची मात्रा सोडून द्यायची ठरली. जिच्यावर मूळ निबंधाचा सगळा भर होता तीच ही मात्रा, आणि तो निर्णय विद्यार्थिनीने स्वतः घेतला.

ओतण्याचा क्रमही बदलला. शुद्ध डीएमएसओ पेशींवर थेट टाकलं तर पडेल तिथे क्षणभर ते फार तीव्र असतं, पाण्यात मिसळताना उष्णताही सुटते, आणि त्या जागेच्या पेशी जातात. म्हणून स्टॉक आधी सलाईनमध्ये मिसळून ढवळायचा, नळी खोलीच्या तापमानाला आणायची, मग पेशी सोडायच्या.

बाटलीचीही काळजी घ्यावी लागली. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. डिसेंबरच्या सकाळी कपाटातल्या बाटलीत पांढरट खडा झालेला असे. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून घाईने काढण्याचा मोह होतो, आणि उघडी राहिली तर ती हवेतलं पाणी ओढते. ती पूर्ण वितळवून, लहान कुप्यांत भरून, घट्ट बुचं लावून ठेवली.

एका ठरावीक सलाईनऐवजी ०.३० ते ०.६० टक्क्यांपर्यंतची मालिका लावली. त्यामुळे अर्ध्या पेशी कुठे फुटतात तो बिंदू मिळतो आणि तो सरकला की नाही ते दिसतं. या वेळी आणखी एक बाब उघड झाली. नेहमीच्या पद्धतीत नळीत फॉस्फेट बफरही जातं आणि ते स्वतःचे क्षार घेऊन येतं. म्हणजे बाटलीवर ०.३६ लिहिलेलं सलाईन नळीत ०.३६ राहतच नाही. यापुढे प्रत्येक द्रावणाचा नळीतला अंतिम हिशेब वहीत लिहायचा, असं ठरलं.

मधेच एक घटना घडली, तिने सगळ्यांना विचारात पाडलं. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने मदत म्हणून एक संच लावला, पण त्याने क्रम वेगळा घेतला. पेशी आधी ०.९ टक्के सलाईनमध्ये ४ टक्के डीएमएसओबरोबर अर्धा तास ठेवल्या, मग तळाला बसवून डीएमएसओ नसलेल्या पातळ सलाईनमध्ये हलवल्या. निकाल पूर्ण उलटा: कंट्रोलपेक्षा जास्त पेशी फुटल्या. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. खरं तर नळीने अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. अर्ध्या तासात डीएमएसओ पेशीच्या आत भरलं होतं. बाहेर ते नाही म्हटल्यावर पाणी धावत आत आलं, आणि डीएमएसओला बाहेर पडायला उसंत मिळण्याआधी पेशी फुटल्या. कागदावरच्या हिशेबाने ४ टक्क्यांनी भरलेल्या पेशीला साध्या ०.९ टक्के सलाईनमध्ये एकदम टाकलं, तरी ती पावणेदोन पटीची मर्यादा ओलांडू शकते. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेलं रक्त वापरण्याआधी धुताना रक्तपेढीत १२ टक्के, मग १.६ टक्के, मग ०.९ टक्के सलाईन अशा पायऱ्या घेतात, ते याच कारणाने. एकच द्रावक, एकच प्रमाण. पेशी आधी भेटली की नंतर, एवढ्यावर ते राखणारं दिसतं किंवा मारणारं. हा संच फेकून न देता प्रबंधात घ्यायला मी आग्रहाने सांगितलं.

शेवटची तपासणी अर्काच्या रंगासाठी होती. पेशी आधीच पूर्ण फोडून केलेल्या लाल द्रावणात अर्क घालून वाचन घ्यायचं. अर्क तपकिरी, तेव्हा आकडा थोडा वाढेल अशी अपेक्षा होती. तो कमी झाला. नळी सेंट्रिफ्यूज केली तर तळाला गढूळ लालसर थर. सालीतलं टॅनिन हिमोग्लोबिनला पकडून खाली बसवत होतं. टॅनिन प्रथिनांना साकळवतं, कातडं कमावण्याचा धंदाच त्यावर चालतो. पण या चाचणीत त्याचा अर्थ असा, की पेशी फुटली असली तरी तिची लाली यंत्रापर्यंत पोचत नव्हती, आणि ती न फुटल्याची नोंद होत होती.

निष्पत्ती

नव्या मांडणीत फक्त डीएमएसओ असलेल्या नळ्यांनी मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं. जुन्या क्रमाने, पातळ सलाईनमध्ये ०.५ ते ४ टक्के द्रावक आणि अर्क अजिबात नाही, अशा नळ्यांतही लाली पायरीपायरीने उतरली. जुन्या आलेखाचा बराचसा चढ इथूनच आला होता. सगळीकडे ०.५ टक्के ठेवल्यावर अर्काच्या खालच्या दोन मात्रा कंट्रोलपासून वेगळ्या काढता येत नव्हत्या. ४०० मायक्रोग्रॅमला थोडा फरक उरला, पण तो प्रत्येक रक्तदात्यात दिसला नाही, आणि टॅनिनची तपासणी लक्षात घेता त्यातला किती भाग पटलाचा, हे सांगता येत नव्हतं. डायक्लोफेनॅकचा परिणाम मात्र द्रावक घालूनही टिकला.

शोधनिबंधाचा मसुदा मागे घेतला. प्रबंधातलं ते प्रकरण नव्याने लिहिलं गेलं आणि त्यातून “पटल स्थिर करणारा” हा दावा गेला. त्याच्या जागी द्रावकाचा वेगळा तक्ता, क्रम बदलल्यावरचा उलटा निकाल आणि टॅनिनची तपासणी आली. अर्काच्या रसायनाचं तिचं बाकीचं काम आहे तसं राहिलं. सबमिशन एका सत्राने लांबलं. अंतिम मौखिक परीक्षेत परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न याच प्रकरणावर विचारले, आणि तिने फळ्यावर पेशी काढून, बाण दाखवून उत्तरं दिली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू अर्क विरघळवला त्या दिवशीचा. अर्क घालण्याआधी नुसत्या द्रावकाची मालिका लावली असती, तर एका सकाळीत कळलं असतं की किती टक्क्यांपर्यंत पेशी शांत राहतात. पुढचं सगळं त्या मर्यादेच्या आत बसवता आलं असतं. ती सकाळ कोणी घालवत नाही, कारण तयार पद्धतीत तशी पायरीच लिहिलेली नसते.

दुसरा, स्टॉक एकच ठेवण्याचा. त्यात रसायन वाचतं, वेळ वाचतो, पण मात्रा आणि द्रावक एकमेकांना बांधले जातात. वेगवेगळे स्टॉक करायचे नसतील तर प्रत्येक नळीत वरून शुद्ध डीएमएसओ घालून टक्केवारी सारखी करता येते. तेवढ्यानेही काम भागलं असतं, फक्त सगळ्यांत जास्त द्रावक असलेल्या नळीएवढं ते सगळीकडे न्यावं लागलं असतं.

तिसरा मुद्दा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. आलेख सुंदर आला तेव्हा कोणीच थांबलं नाही. कच्चा अर्क शुद्ध डायक्लोफेनॅकच्या पुढे जातो, हे दिसल्यावर आनंदाबरोबर शंकाही यायला हवी होती. तेव्हाच नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या असत्या तर चकत्या, गोल पेशी, काटेरी पेशी असा फरक दिसला असता. अर्थात काचेला टेकूनही पेशी काटेरी होतात, त्यामुळे स्लाइडवर थोडं अल्ब्युमिन असावं लागतं. नुसत्या लालीच्या आकड्यात पेशीचा आकार हरवतो, आणि द्रावक पेशीशी काय करतं हे आकारातच आधी दिसतं.

आम्हालाही एक गोष्ट आधी करता आली असती. रक्तपेढी, शरीरक्रियाशास्त्र आणि फार्मसी एकाच आवारात असून एकमेकांच्या पद्धती वाचत नव्हते. आता त्या कॉलेजच्या या चाचणीच्या लेखी पद्धतीवर आमच्या विभागाची सही लागते. तिच्यात द्रावकाची कमाल टक्केवारी, प्रत्येक मात्रेसाठी द्रावकाचा कंट्रोल, ओतण्याचा क्रम आणि फोडलेल्या पेशींच्या द्रावणातली तपासणी, एवढं वाढलं आहे.

जुन्या पद्धतीने काम संपवलेले आणखी दोन विद्यार्थी त्या प्रयोगशाळेत होते. मॅडमनी त्यांच्या वह्या काढून पाहिल्या. एकाचा अर्क पाण्यात विरघळणारा होता, त्याचे आकडे राहिले. दुसऱ्याच्या वहीत स्टॉक कशात केला एवढंच लिहिलं आहे, नळीत किती मायक्रोलिटर घातले ते नाही. त्याच्यासाठी नीतिशास्त्र समितीकडे नवा अर्ज गेला आहे आणि रक्तदात्यांची यादी तयार होते आहे.